टूर द फ्रान्सचा पहिला आठवडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. घरातून येतात, शेजारून येतात, रविवारी सिंहगडाकडे सायकली हाकणाऱ्या मंडळींकडून येतात. बहुतेकांनी टूर, म्हणजे फ्रान्समधली तीन आठवड्यांची ही सायकल शर्यत, पाहिलेली असते ती आल्प्सच्या घाटात. पहिले आठ-नऊ दिवस ‘काहीच घडत नाही’ म्हणून सोडून दिलेले असतात. मला विचाराल तर तेच दिवस सगळ्यात जास्त धाकधुकीचे. खालची उत्तरं तेवढा पक्षपात गृहीत धरून वाचावीत.

टूर किती दिवसांची? आणि ‘पहिला आठवडा’ म्हणजे कुठपर्यंत?

एकूण २३ दिवस, त्यात २१ टप्पे आणि दोन विश्रांतीचे दिवस. पहिला विश्रांतीचा दिवस नवव्या-दहाव्या टप्प्यानंतर येतो. तिथपर्यंतच्या भागाला सगळे पहिला आठवडाच म्हणतात, दिवस मोजायला कोणी बसत नाही. प्रत्येक संघात आठ सायकलपटू. २०२५ मध्ये २३ संघ होते, म्हणजे सुरुवातीला १८४ जण.

आपल्याला ही रचना समजायला अवघड जाऊ नये. सकाळी एका गावाहून निघायचं, संध्याकाळी दुसऱ्या गावी मुक्काम, वाटेत एखादा घाट, दुतर्फा माणसं. २०२५ ची टूर ५ जुलैला उत्तर फ्रान्समधल्या लीलहून निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी इकडे आषाढी एकादशी होती. फरक एवढाच, की वारीत घड्याळ कोणी लावत नाही.

रोज जिंकणारा वेगळा असतो. मग टूर कोण जिंकतो?

सगळ्या टप्प्यांना मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो. टप्पा जिंकणं हा वेगळा मान आहे. ख्रिस फ्रूमने २०१७ ची टूर एकही टप्पा न जिंकता जिंकली. त्याआधी १९९० मध्ये ग्रेग लेमाँनेही तेच केलं होतं.

पहिल्या दिवशी सगळे शून्यावर असतात. मग पिवळी जर्सी कोणाला मिळते?

ही जर्सी एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची. पहिला टप्पा साधा रस्त्यावरचा असेल तर तो जिंकणाऱ्यालाच. टप्प्यात पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात, त्यामुळे जिंकणारा आपोआप पुढे जातो. पहिला दिवस घड्याळाविरुद्धच्या एकट्याच्या शर्यतीचा असेल, तर सर्वांत वेगवान माणसाला. अशी अगदी छोटी शर्यत, म्हणजे प्रोलॉग, टूरमध्ये १९६७ मध्ये आली.

जर्सीचा रंग आला तो वर्तमानपत्रावरून. शर्यत सुरू करणारं ‘लोटो’ हे दैनिक पिवळ्या कागदावर छापलं जायचं. १९१९ मध्ये पहिल्यांदा आघाडीवरच्या माणसाला पिवळी जर्सी दिली गेली, ती ओजेन क्रिस्तोफला.

पहिल्या आठवड्याची खरी गंमत या जर्सीतच आहे. टूर जिंकण्याची ज्याची अजिबात शक्यता नाही असा माणूसही ती एक-दोन दिवस अंगावर घालू शकतो. फाबियान कान्चेलारा कधीच टूर जिंकला नाही, पण त्याने २९ दिवस पिवळी घातली. आणि रेमाँ पुलिदोर? फ्रान्सचा लाडका, आठ वेळा पहिल्या तिघांत, आणि आयुष्यात एक दिवससुद्धा पिवळी नाही. २०१९ मध्ये तो गेला. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात, ब्रिटनीतल्या म्यूर-द-ब्रतान्यच्या चढावर त्याच्या नातवाने, माथ्यू व्हान डर पूलने, टप्पा जिंकला आणि पिवळी घेतली. रेषा ओलांडताना त्याने आकाशाकडे बोट दाखवलं. नंतर मुलाखतीत त्याला रडू आवरत नव्हतं. डोंगरातले मोठे विजय मी विसरतो, ती संध्याकाळ विसरलो नाही.

सुरुवातीचे टप्पे सपाट का ठेवतात?

जुना हिशेब असा, की डोंगर लगेच आणले तर निकाल लगेच लागेल आणि उरलेले दोन आठवडे कोण बघणार? म्हणून आधी सपाट, मग डोंगर. शिवाय आल्प्स आणि पिरेनीज नकाशावर आहेत तिथेच राहणार. सुरुवात उत्तरेत ठेवली की तिथे पोहोचायला आठवडा जातोच.

आता हा नियम राहिलेला नाही. २०२४ मध्ये टूर फ्लॉरेन्सहून निघाली आणि चौथ्याच टप्प्यात आल्प्समधला २,६४२ मीटर उंचीचा गालिबिए घाट चढली. तिथे तादे पोगाचारने हल्ला केला, म्हणजे एकदम वेग वाढवून इतरांना मागे टाकलं, आणि पिवळी जर्सी घेतली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. २०२३ मध्ये बिल्बाओजवळच्या चढउतारांत पहिल्याच दिवशी ॲडम येट्सने आपल्याच जुळ्या भावाला, सायमनला, मागे टाकून टप्पा जिंकला. उलट २०२५ मध्ये पहिल्या नऊ टप्प्यांत एकही मोठा पर्वत नव्हता.

फ्रान्सची शर्यत फ्रान्सबाहेर का सुरू होते?

यजमान शहर त्यासाठी पैसे मोजतं, आणि टूरला नवे प्रेक्षक मिळतात. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमपासून ही प्रथा पडली. २०२२ मध्ये कोपनहेगन, २०२३ मध्ये बिल्बाओ, २०२४ मध्ये फ्लॉरेन्स. कोपनहेगनची गर्दी बघून फ्रेंचांनाही हेवा वाटला असेल.

सपाट टप्प्यात दीडशे माणसं एकदम येतात. वेळ कशी मोजतात?

एकत्र आलेल्या घोळक्यात सगळ्यांना एकच वेळ मिळते, म्हणजे पहिल्याची तीच शंभराव्याची. दोन गटांमध्ये फट पडली तरच मागच्यांचा वेळ वेगळा धरतात. घोळक्याने स्प्रिंट, म्हणजे रेषेपर्यंतची शेवटची जोरदार धाव, होईल अशा टप्प्यांत ही फट ३ सेकंदांची असावी लागते, इतर वेळी १ सेकंदाची. ही सवलत मुद्दाम ठेवली आहे. टूर जिंकायला आलेल्यांनी ताशी ६०-७० किलोमीटरच्या वेगात स्प्रिंटरांच्या कोपरांमध्ये घुसू नये, यासाठी.

पहिल्या आठवड्यात इतके पडतात कसे? व्यावसायिक आहेत ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

घोळक्यात मागे राहिलं तर तीन धोके. पुढे कोणी पडलं तर अडकायला होतं, वाऱ्यात घोळका तुटला तर चुकीच्या तुकड्यात सापडायला होतं, आणि प्रत्येक वळणानंतर ब्रेक दाबून पुन्हा वेग घेण्यात पाय झिजतात. त्यामुळे प्रत्येक संघाचा गाडीतला व्यवस्थापक कानातल्या रेडिओवर एकच सांगत असतो: पुढे या. आता २३ संघांना एकाच वेळी पुढे यायला सांगितलं आणि रस्ता आहे सहा मीटर रुंदीचा, तर काय होणार? लोकलच्या दारात दादरला जे होतं तेच.

त्यात पहिल्या आठवड्यात कोणीही दमलेलं नसतं आणि कोणाचीही आशा संपलेली नसते. तिसऱ्या आठवड्यात शंभरेक जण दोन-दोन तास मागे असतात, ते आपणहून बाजूला होतात. तिसऱ्या दिवशी मात्र सगळेच स्वतःला राजे समजत असतात. शिवाय युरोपातल्या गावांनी गाड्यांचा वेग कमी करायला रस्त्यात दुभाजक, गोल चौक, उंचवटे आणि खांब घालून ठेवले आहेत. मुलांसाठी उत्तम, दीडशे सायकलींसाठी सापळा.

आणि प्रेक्षक. २०२१ च्या पहिल्या टप्प्यात एक बाई आजी-आजोबांना उद्देशून लिहिलेला पुठ्ठ्याचा फलक कॅमेऱ्यासमोर धरून उभी होती. कॅमेऱ्याकडे बघताना पाठीमागून येणारी शर्यत तिला दिसली नाही. टोनी मार्टिन फलकाला धडकला आणि त्याच्यामागे निम्मा घोळका रस्त्यावर आडवा. पुढे फ्रेंच न्यायालयाने तिला १,२०० युरोंचा दंड केला.

किंमत मोठी असते. २०१४ मध्ये गतविजेता फ्रूम पाचव्या टप्प्यात बाहेर पडला. त्या दिवशी उत्तरेतल्या दगडी फरसबंदीवरून जायचं होतं, सगळे त्या दगडांना घाबरून होते, आणि फ्रूम दगड येण्याआधीच साध्या ओल्या डांबरावर दोनदा पडला. त्याच दिवशी विन्चेन्झो निबालीने आल्बेर्तो कोन्तादोरवर अडीच मिनिटांहून जास्त आघाडी घेतली, आणि टूर त्यानेच जिंकली. २०११ मध्ये ब्रॅडली विगिन्स सातव्या टप्प्यात गळपट्टीचं हाड मोडून घरी गेला. पुढच्या वर्षी विजेता. २०२५ मध्ये पहिला टप्पा जिंकून पिवळी घालणारा यास्पर फिलिप्सन दोनच दिवसांनी, वाटेतल्या, गुणांसाठीच्या स्प्रिंटच्या जागी पडून, शर्यतीबाहेर गेला.

कोणी जायबंदी झालं तर राखीव खेळाडू येतो का?

नाही. आठचे सात, सातचे सहा. संघ तेवढ्यावरच पॅरिसला जातो. म्हणून मोडलेल्या हाडासकट पुढे जाणारेही निघतात. २०१३ च्या पहिल्या टप्प्यात गेरंट थॉमसच्या कटीच्या हाडाला तडा गेला. त्याने टूर पूर्ण केली. पाच वर्षांनी जिंकली.

शेवटच्या काही किलोमीटरात पडलं तर वेळ जातो का?

सपाट टप्प्यात शेवटच्या ३ किलोमीटरात पडलात किंवा सायकल बिघडली, तर ज्या गटात होतात त्या गटाचीच वेळ मिळते. धोकादायक वाटल्यास संयोजक ही हद्द ५ किलोमीटरपर्यंत वाढवू शकतात. डोंगरमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्यांना ही सूट नाही.

नियम कागदावर छान आहे. २०१३ मध्ये कोर्सिकातल्या बास्तियाला पहिल्या टप्प्याच्या अंतिम रेषेवरच्या कमानीखाली एका संघाची बस अडकली. घोळका वेगाने येतोय आणि बस हलत नाही! संयोजकांनी सांगितलं, शर्यत ३ किलोमीटर अलीकडेच संपेल. मग बस निघाली, म्हणून सांगितलं, नाही, मूळ रेषेवरच. या गोंधळात घोळक्यात मोठी पडझड झाली आणि शेवटी सगळ्यांना एकच वेळ देऊन टाकली. नियमाचा विचार करणाऱ्या कोणालाही बस सुचली नव्हती.

‘वाऱ्याने शर्यत फुटली’ म्हणजे काय?

दुसऱ्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते. वारा समोरून असेल तर सगळे एकामागे एक सुखाने लपतात. तो बाजूने आला की आडोसा मागे मिळत नाही, तिरका मिळतो. मग रस्त्यावर तिरकी रांग लागते, आणि रस्ता जेवढा रुंद तेवढीच माणसं तिच्यात मावतात. उरलेले डांबराच्या कडेला एका ओळीत लटकतात, त्यांना आडोसा नाही. एकाची ताकद संपली, पुढच्यापासून चार हात अंतर पडलं, की त्याच्या मागचे सगळे गेले. हे अंतर दहा मीटरचं झालं की भरून काढणं जवळपास अशक्य.

ताकदवान संघ याची वाटच बघत असतात. रस्ता वळून वारा बाजूने लागणार ती जागा त्यांनी आदल्या रात्री नकाशावर हेरलेली असते. २००९ मध्ये भूमध्य समुद्राकाठी ला ग्रांद-मोतच्या टप्प्यात असंच झालं आणि कोन्तादोर मागच्या तुकड्यात सापडून ४१ सेकंद गमावून बसला. त्याच्याच संघातला लान्स आर्मस्ट्राँग पुढे होता, म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाची कल्पना करा. २०२५ ला पहिल्याच दिवशी लीलभोवती वाऱ्यात घोळका फुटला आणि रेम्को एव्हेनपूल व प्रिमोझ रोग्लिच यांचे ३९ सेकंद गेले. डोंगर अजून आठवडाभर लांब होते.

दोघं-तिघं सकाळीच पुढे पळतात आणि संध्याकाळी पकडले जातात. मग पळतात कशाला?

पकडले जाणार हे त्यांनाही ठाऊक असतं. पण चार तास कॅमेरा त्यांच्यावर, म्हणजे छातीवरच्या प्रायोजकाच्या नावावर. छोट्या संघाचं वर्षाचं गणित त्यावर चालतं. वाटेतल्या चढांचे गुण मिळतात. आणि दिवसातला सर्वांत झुंजार म्हणून निवड झाली तर मंचावर जायला मिळतं.

२०२५ चा नववा टप्पा मुद्दाम शोधून बघा. शिनोंपासून शातरूपर्यंत १७० हून जास्त किलोमीटर, पूर्ण सपाट, झोप येईल असा. व्हान डर पूल आणि त्याचा सहकारी योनास रिकार्ट सुरुवातीलाच निघाले. रिकार्ट हा संघातला घरगडी: वर्षभर दुसऱ्यांसाठी वारा खायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या. त्याला एकदा तरी टूरच्या मंचावर जायचं होतं. व्हान डर पूलसारखा जगज्जेता त्याच्यासाठी दिवसभर राबला. शेवटी रिकार्ट दमून गळाला, व्हान डर पूल एकटाच दामटत राहिला आणि शेवटच्या किलोमीटरात घोळक्याने त्यालाही गाठलं. टप्पा टिम मर्लियेने जिंकला. झुंजारपणाचं बक्षीस रिकार्टला मिळालं, आणि मंचही.

टूर जिंकू शकणाऱ्यांना पिवळी जर्सी लवकर का नको असते?

कारण ती वेळखाऊ आहे. टप्पा संपला की मंचावर जा, मुलाखती द्या, उत्तेजक चाचणीला जा. इतर लोक तोवर मालिश करून घेऊन जेवायला बसलेले असतात. शिवाय रिवाज असा, की घोळक्याच्या पुढे राहून शर्यत ताब्यात ठेवायची ती पिवळ्या जर्सीच्या संघाने. तीन आठवडे हे केलं तर घरगडी दुसऱ्या आठवड्यातच संपतात. म्हणून जर्सी एखाद्या निरुपद्रवी माणसाला उसनी दिली जाते. २०२५ च्या सहाव्या टप्प्यात पोगाचारकडून ती व्हान डर पूलकडे गेली, आघाडी फक्त एका सेकंदाची. दुसऱ्याच दिवशी पोगाचारने म्यूर-द-ब्रतान्यचा टप्पा जिंकून ती परत घेतली. उसनवारी त्याला फारशी जमत नाही.

हिरवी, ठिपक्यांची आणि पांढरी जर्सी?

हिरवी गुणांची. सपाट टप्प्यांना जास्त गुण असतात, त्यामुळे ती बहुधा स्प्रिंटरांकडे जाते. पांढरी २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांतल्या पहिल्याला. लाल ठिपक्यांची चढावरच्या गुणांसाठी. तिला मराठीत नवा शब्द शोधायची गरज नाही, कारण मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोर घाट पहिला चढणाऱ्याला आपण केव्हापासून ‘घाटाचा राजा’ म्हणत आलो आहोत.

पहिल्या आठवड्यात घाट नसले, तरी राजा लागतोच. २०२२ मध्ये डेन्मार्कमध्ये, जिथे टेकडीलाही डोंगर म्हणतात, तिथल्या माग्नुस कोर्टने रोज पुढे पळून प्रत्येक उंचवट्यावरचा एकेक गुण वेचला आणि स्वतःच्या देशात ठिपके मिरवले. गर्दीने त्याला पिवळ्या जर्सीपेक्षा मोठ्याने ओरडून दाद दिली.

ते खातात काय? आणि, माफ करा, लघवीला कुठे जातात?

तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं, सायकलवरच. जेल, गोड पेयं, आणि फॉइलमध्ये गुंडाळलेल्या गोड भाताच्या वड्या, ज्या आपल्या नारळीभाताच्या लांबच्या बहिणी शोभतील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शर्यत शांत असताना रस्त्याकडेला, बरेच जण एकदम थांबून. त्या वेळी हल्ला करणं असभ्य मानतात.

आपल्याकडे असं काही प्रत्यक्ष बघायला मिळतं का?

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात पुणे ग्रँड टूर झाली. एक प्रोलॉग आणि चार टप्पे, पाच दिवस, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ श्रेणीत. टूर द फ्रान्सपेक्षा ही श्रेणी कित्येक पायऱ्या खाली आहे, पण वेळ मोजण्याची रीत आणि घोळक्याचं वागणं सारखंच. पाच दिवसांच्या शर्यतीत तर सगळाच ‘पहिला आठवडा’.

पहिल्यांदाच बघणार आहे. कधी लावू आणि काय बघू?

फ्रान्सचं उन्हाळी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. सपाट टप्पे आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतात, म्हणजे जेवताना. शेवटचे ४० किलोमीटर पुरेत. पहिल्या दोघा-तिघांकडे बघू नका, कॅमेरा ते दाखवणारच. घोळक्यात टूर जिंकायला आलेला एखादा माणूस निवडा आणि तो कितव्या क्रमांकावर आहे एवढंच शोधत राहा. विसाव्या जागी असेल तर ठीक. साठाव्या जागी घसरला आणि रस्त्याकडेचे झेंडे आडवे फडफडत असतील, तर पोळी ताटात ठेवा आणि आवाज वाढवा.

विश्रांतीच्या दिवशी झोपून राहतात का?

दीड-दोन तास सायकल चालवतात. अचानक थांबलं तर दुसऱ्या दिवशी पाय जड होतात. उरलेला वेळ मालिश, पत्रकार आणि धुणं. २०२५ मध्ये १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, सोमवारी टप्पा ठेवायचा होता म्हणून विश्रांती एक दिवस पुढे ढकलली आणि दहा दिवस सलग पळाल्यावर तुलूजला सगळ्यांना ती मिळाली. एव्हेनपूल आणि रोग्लिच यांच्या नावापुढे ते पहिल्या दिवशीचे ३९ सेकंद तेव्हाही होतेच.